यंदा कुठला चाकू बंद होणार

माझ्या नवऱ्याला चाकू जमवायचा नाद होता. एवढं सांगितलं की ऐकणारा जरा मागे सरकून बसतो, म्हणून पुढचंही लगेच सांगून टाकते. माणूस गाईसारखा गरीब. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली, लोखंड कापणाऱ्या पोलादाच्या डाया, म्हणजे साचे, बनवल्या, आणि निवृत्त झाल्यावर पोलाद हातातून सुटेना म्हणून चाकू धरले. घडीचे चाकू, पातं मुठीत मिटणारे आणि खिशात मावणारे. कपाटाचा एक अख्खा खण त्यांनी भरला होता आणि त्यातल्या एकानेही या घरात कधी कांदा चिरला नाही. त्याला मी आणि माझी विळी होतो.

असेच नादिष्ट आणखी दोघे होते. एक दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. दुसरे मालेगावचे, घरचे यंत्रमाग असलेले, मला भाभी म्हणणारे. या तिघांची गाठ मोबाइलवरच्या कुठल्याशा ग्रुपात पडली आणि पुढे ती आमच्या घरात येऊन बसली. आमचं घर द्वारका चौकाला लागून, मालेगावच्या गाड्या तिथेच थांबतात, त्यामुळे गाडी सोडली की माणूस चालत दारात. महिन्यातला एक रविवार त्यांचा. सतरंजीवर धुतलेलं पांढरं कापड अंथरायचं, त्यावर चाकू मांडायचे, आणि मी चहा आणला की माझ्याकडे न बघता कप उचलायचे.

चाकू एकमेकांच्या हातात द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. हातातून हातात दिला तर भांडण होतं. म्हणून मिटवून कापडावर ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा. केसाच्या जाडीची मापं घेण्यात जन्म घालवलेला माझा नवरा हे निमूट पाळायचा. मला हसू यायचं, पण मीही कुणाच्या हातावर मीठ देत नाही, तेव्हा फार बोलायची सोय नव्हती.

त्यांचा विषय एकच. यंदा कुठला चाकू बंद होणार. बंद म्हणजे कंपनी तो बनवायचा सोडून देणार, आणि मग तो जगात आहे तेवढाच. याची लक्षणं ते वैद्यासारखी ओळखत. आधी रंग कमी होतात. हिरव्या मुठीचा मिळेनासा झाला, मग निळ्या मुठीचा, की समजायचं. मग एकाएकी सवलत लागते. मग त्याच चाकूचा एक महागड्या पोलादातला भाऊ 'खास' म्हणून बाजारात येतो आणि मूळचा गुपचूप नाहीसा होतो. "त्याचं काही खरं नाही," असं आमचे हे म्हणायचे. "दिवाळी काढंल का?" दिंडोरीवाले विचारायचे. "गया समझो," असं मालेगाववाले म्हणायचे आणि कपाळाला हात लावायचे. स्वयंपाकघरात बसून ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या नात्यातलं कुणीतरी दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतंय.

पोलादं सुद्धा बंद होतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. परदेशातली एखादी पोलादाची भट्टी थंडावली की त्या पोलादाचे सगळेच चाकू गेले. यांचं आवडतं पोलाद डी-टू. नोकरीभर त्याच्याच डाया केल्या होत्या. त्याला ओल लागली की डाग पडतो, म्हणून दिंडोरीवाले चिडवायचे, "लोकांला आता डागाचं पोलाद नको हाय. पुसत बसाया कोनाला येळ हाय?" यावर हे फक्त नाकातून एक आवाज काढायचे. त्याचा अर्थ, तुम्हाला काय कळतंय. तोच आवाज मला माझ्या माहेरच्यांच्या बाबतीतही ऐकायला मिळे.

वर्षातला त्यांचा मोठा दिवस खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लोक हत्यारं पुजतात, कारखान्यांत यंत्रांना झेंडू वाहतात, तसे हे तिघे चाकू पुजायचे. मी हळदकुंकू आणि फुलं काढून द्यायची. पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही. आरती झाली की प्रत्येकाने वर्षाचं भाकीत सांगायचं. शेवटच्या सुखाच्या खंडेनवमीला यांनी सांगितलं होतं, की बाजूला सरकणाऱ्या लॉकचा डी-टूचा तो चाकू बंद होणार. दिंडोरीवाल्यांनी तो नुकताच घेतला होता, बागेत फिरताना एका हाताने उघडतो आणि एका हाताने मिटतो म्हणून. त्यांनी मांडीवर थाप मारून हसून घेतलं. "धडाधडा खपतंय ते, आन् बंद कसं व्हईल?" ते म्हणाले. हे म्हणाले, "होणार. बघाच."

त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी हे दाढी करता करता खाली बसले. ब्रश हातातून गळाला आणि तो उचलायला हात जाईना. उजवी बाजू गेली होती. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा यांना सगळं कळत होतं, माणसं ओळखत होते, पण बोलायला गेलं की एकच शब्द बाहेर यायचा. बंद.

डॉक्टरांनी समजावलं की मेंदूच्या त्या भागाला इजा झाली की कधी कधी एखादाच शब्द उरतो, आणि माणूस सगळ्यासाठी तोच वापरतो. पाणी हवं, बंद. लेकीचा फोन आला, बंद. मला हाक मारायची तरी बंद. मला आधी राग आला, आणि तो मी लपवणार नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात हजार गोष्टी बोललो असू, आणि उरला तो शब्द आमच्या दोघांचा नव्हता, त्या चाकूवाल्यांचा होता.

सुरुवातीला मी त्या शब्दाचा शब्दशः अर्थ घ्यायचे. हे बंद म्हणाले की पंखा बंद करायचे. पुन्हा म्हणाले की टीव्ही बंद, मग खिडकी, मग बेसिनचा नळ. एकदा तर सगळं घर बंद करून मी घामाघूम होऊन समोर उभी राहिले, आणि हे माझ्याकडे बघत पुन्हा म्हणाले, "बंद." त्यांना चष्मा हवा होता. तो त्यांच्याच उशीखाली सापडला.

आम्ही दोघं काही गुलूगुलू बोलणारं जोडपं नव्हतो. दूध नासलं, गॅस आला नाही, तुमच्या बहिणीने असं का म्हटलं, एवढंच. पण ते दिवसभर चालायचं, आणि ते चालू असलं की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. लकव्याला मी घाबरले नव्हते. अंगपुसणं, औषधं, उचलून बसवणं, ते सगळं बायका करतातच. मला एकाच गोष्टीची भीती होती. आता आम्ही दोघं मरेपर्यंत एकमेकांशी बोलणार नाही, एकमेकांच्या समोर बसून एकटे राहणार.

बोलायला शिकवणारी एक मुलगी यायची. ती चित्रांची कार्डं दाखवायची, मांजर, कप, छत्री. हे भिंतीकडे तोंड फिरवायचे. सुंभ जळाला तरी पीळ गेला नव्हता. ज्या माणसाने कारखान्यात शिकाऊ पोरांना वठणीवर आणलं, त्याने मांजर बघून मांजर म्हणायचं?

ते दोघे आले, पण चाकू न आणता. मयताला बसावं तसे बसले. चहा घेतला, हवापाण्याचं बोलले. हे त्यांच्याकडे बघून "बंद, बंद" म्हणायला लागले तसे दोघे गडबडले. दमले वाटतं, बोलणं थांबवा म्हणतायत, असं समजून लगबगीने उठले. दार लागलं तेव्हा यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तोंड पुसलं. काय चुकलं ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मालेगाववाले एकटेच आले. बसले, थोडा वेळ चुळबुळ केली, आणि मग जणू मागच्या महिन्यातलं बोलणं अर्धं राहिलं होतं अशा आवाजात म्हणाले, "दादा, वो काली मूठवाला? छोटा. क्या बोलते?"

"बंऽद," हे म्हणाले. लांब ओढून.

"मेरेको भी वोहीच लगता. और उसका बडा भाई?"

"बंद." तुटक. झटकून टाकल्यासारखं.

"नही होगा? सवलत तो लगी है उसको."

यांनी नाकातून तो जुना आवाज काढला आणि मग म्हणाले, "बंद." म्हणजे, तुम्हाला काय कळतंय.

मी ओट्याशी पोळी लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. पलीकडे दोन माणसं बोलत होती. वाद घालत होती. एकाचं म्हणणं दुसऱ्याला पटत नव्हतं आणि तो ते ठणकावून सांगत होता. सगळ्या जगात हे एकच बोलणं असं होतं, ज्याला तेवढा एक शब्द पुरत होता. तव्यावरची पोळी करपली आणि मी रडले, हे दोन्ही एकदमच झालं.

मग मी ठरवलं की त्या बोलण्यात शिरायचं. तोपर्यंत चाकूला मी हात लावला नव्हता. आता दुपारी मोबाइल घेऊन वाचत बसायचे. कुठलं पोलाद गंजतं, कुठल्याला धार लावता लावता हात दुखून येतात, कुठली कंपनी जुनी मॉडेलं काढून टाकतेय. संध्याकाळी चहा घेताना विचारायचे, "अहो, त्या लाकडी मुठीच्याचं काय होणार?" आधी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विळीच बोलली. मग म्हणाले, "बंऽद." एकदा मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "आणि ते टायटॅनियमचं पातं?" टायटॅनियमची मूठ करतात, पातं नाही, एवढं मला माहीत नव्हतं. हे अर्ध्या तोंडाने इतके हसले, की चहा सांडला. आजारपणात पहिल्यांदा हसले ते माझ्या अडाणीपणाला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. रोज एक चूक करायची माझी तयारी होती.

'बंद' लांब ओढलेला म्हणजे तो चाकू जाणार. तुटक म्हणजे काही होत नाही त्याला. मधेच सोडून दिलेला म्हणजे माहीत नाही. पुढे पुढे मी चाकू सोडून इतर गोष्टीही त्याच सुरात विचारायला लागले. कोपऱ्यावरचा रसवाला? लेकीच्या सासूचा राग? सगळ्याची उत्तरं मिळायची, आणि बहुतेक बरोबर निघायची.

पण एका संध्याकाळी मी भाजी घेऊन आले तेव्हा हे खुर्चीत होते, कपाटाचा खण उघडा होता, आणि मांडीवर एक चाकू पातं उघडून पडला होता. डाव्या हाताने काढला असणार. त्या पात्याकडे टक लावून बसले होते. मला बघितल्यावर म्हणाले, "बंद." तो लांब ओढलेला सूर होता.

माझ्या मनात काय आलं ते स्पष्टच सांगते. मला वाटलं, हा माणूस स्वतःला संपवायचं म्हणतोय. मी चाकू उचलला, मिटवला, खणाला कुलूप घातलं आणि किल्ली डाळीच्या डब्यात टाकली. हे ओरडले. तोच शब्द, पुन्हा पुन्हा, शेजारच्या बाई दारात येईपर्यंत. धारदार वस्तू जवळ ठेवू नका असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं, म्हणून मी ऐकलं नाही. आपलं माणूस जिवंत राहिलं पाहिजे, मग ते रागावलं तरी चालेल, असं मी स्वतःला बजावलं.

त्यानंतर हे माझ्याशी बोलायचे थांबले. संध्याकाळी मी विचारायचे, हे भिंतीकडे बघायचे. मी मुद्दाम चुकीचं विचारायचे, तरी नाही. रविवारी त्या दोघांशी तेवढं बोलत, मी चहा घेऊन आत गेले की गप्प. मला ज्याची भीती होती ते माझ्याच हाताने झालं होतं, आणि कुलूप काढायची हिंमतही नव्हती.

अशात खंडेनवमी आली. पूजेला चाकू हवेत, म्हणून मला किल्ली काढावी लागली. कापड अंथरलं, सगळे चाकू मिटवून मांडले, झेंडू वाहिला. आरतीनंतर भाकिताची वेळ झाली. हे मान खाली घालून बसले होते. दिंडोरीवाल्यांनी खिशातून त्यांचा तो बाजूला सरकणाऱ्या लॉकचा चाकू काढला, रुमालाने पुसला आणि कापडावर यांच्यापुढे ठेवला.

"कंपनीनं बंद केलं वो हे," ते म्हणाले. "कुठंच भेटत नाय आता. तुमचं खरं ठरलं. म्हनून तुमचं हे."

सवयीने त्यांनी तो उजव्या हाताशी ठेवला होता. तो हात तिथे लोळागोळा पडला होता. त्यांच्या लक्षात आलं, चेहरा पडला, पण हातात तर द्यायचा नसतो. त्यांनी चाकू उचलला आणि पलीकडे, डाव्या बाजूला ठेवला. मी चाकू काढून घ्यायला पुढे झाले तसं ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी, ऱ्हाऊ द्या. आम्ही हाय ना इथं."

यांनी तो डाव्या हातात घेतला. अंगठ्याने पातं उघडलं. मग बोटाने लॉक बाजूला सरकवलं, मनगटाला हलका झटका दिला आणि पातं आत गेलं. टक्. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटवलं. यांच्या खणातले सगळे चाकू मिटवायला दोन हात लागतात, हे मला तेव्हा आठवलं. त्या संध्याकाळी उघडता आला असेल आणि मिटवता आला नसेल. बंद म्हणजे हा बंद करून दे, एवढंच म्हणायचं असेल. किंवा मला वाटलं तेच असेल. ते मला कधीच कळणार नाही. मी खणाचं कुलूप पुन्हा लावलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेरू आणले. हे पेरूंच्या ताटाकडे बोट करून, मीच चिरणार म्हणून अडून बसले. मी एक पेरू खोलगट वाटीत बसवून समोर ठेवला आणि दिंडोरीवाल्यांनी दिलेला चाकू शेजारी ठेवला, हातात दिला नाही. पेरू वाटीत गरगर फिरत होता. मी धरायला हात पुढे केला तर तुटक "बंद" ऐकून घ्यावं लागलं. कितीतरी दिवसांनी मला उद्देशून बोललेला तो पहिला शब्द होता. मग मी हात मांडीखाली दाबून बसले, कारण पातं घसरलं की माझा जीव खालीवर होत होता. शेवटी पेरूचे दोन तुकडे झाले. मग चार.

घर शांत होतं. मला पुन्हा आमचं बोलणं सुरू करायचं होतं, म्हणून मी विचारलं, "मग? यंदा कोण बंद होणार?"

त्यांनी चाकू मिटवला. मिटलेला चाकू स्वतःच्या छातीवर टेकवला आणि म्हणाले, "बंऽद."

तो सूर मला चांगला ओळखता येत होता. त्यात दुःख नव्हतं, चीडही नव्हती. काळ्या मुठीच्या चाकूबद्दल बोलताना असायचा तसाच सूर होता, सगळी लक्षणं बघून सांगितलेला. असं बोलू नका, वाईट बोलू नये, असं मी म्हणायला हवं होतं. लोक म्हणतात. मी म्हटलं नाही. महत्प्रयासाने सुरू झालेलं बोलणं मला खोटं बोलून थांबवायचं नव्हतं. मी मान हलवली. ते भाकीत पुढच्या खंडेनवमीच्या आत खरं ठरलं, पण ते नंतरचं.

मग त्यांनी तोच चाकू माझ्याकडे केला आणि म्हणाले, "बंद?"

हा सूर मी आधी ऐकला नव्हता. शेवटी वर गेलेला, आणि तिथेच थांबून राहिलेला. आजारी पडल्यापासून त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मी विचारायचे, ते सांगायचे. आता ते विचारत होते, आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत होते. दमलीस का, माझ्यामागे काय करशील, राहशील का. त्या एका शब्दात हे सगळंच होतं, आणि मला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "मी चालू राहणार."

कुणाचंही भाकीत तपासून बघावं तसं त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग पटलं असावं. पेरूची वाटी त्यांनी डाव्या हाताने माझ्याकडे सरकवली. फोडी वेड्यावाकड्या झाल्या होत्या. मी एकेक करून सगळ्या खाल्ल्या आणि ते बघत बसले.